फळीवरचें अवकाशयान

मध्यमवर्गीय घरांत लहान मुलाच्या कानांवर अधिकांत अधिक वेळां कोणतें वाक्य पडतें, ह्याची कोणीं मोजदाद केली, तर 'हात लावूं नकोस' ह्या तीन शब्दांना पहिला मान मिळेल, असें आम्हांस वाटतें. अंगाई, शुभंकरोति आणि चिऊकाऊची गोष्ट ह्या सर्वांना तें वाक्य सहज मागें टाकील. ह्यांत आईबापांचा दोष आहे असें नव्हे. घर हें मोठ्यांच्या मापानें बांधलेलें असतें, आणि त्यांतील बहुतेक वस्तु मोडणाऱ्या, भाजणाऱ्या, कापणाऱ्या, नाहीं तर महाग असतात. त्यांतून दोन वर्षांच्या मुलाची उंची मोठी चमत्कारिक. भिंतीच्या तळाशीं बसविलेला विजेचा प्लग नेमका त्याच्या डोळ्यांसमोर येतो, आणि टेबलाच्या कडेवरचा चहाचा कप नेमका त्याच्या बोटांच्या टप्प्यांत. आम्ही मोठीं माणसें एखादी वस्तु जड आहे हें दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानतों. मूल ती उचलून पाहतें, आणि उचलली नाहीं तर चाटून पाहतें. ज्ञानाचीं त्याचीं द्वारें बोटांच्या टोकांशीं असतात, आणि आपण त्याला पहिला धडा देतों तो तीं द्वारें बंद ठेवण्याचा.

आमची नात २०२५ च्या पावसाळ्यांत पुण्यास आमच्या घरीं दिवसभर राहूं लागली, तेव्हां ती सव्वादोन वर्षांची होती. मुलगी व जांवई यांच्या नोकऱ्यांच्या वेळा एकमेकींशीं जुळत नव्हत्या, आणि आमच्या कॉलेजांतील तास मात्र सकाळींच संपत. तेव्हां दुपारचा कारभार आजी-आजोबांकडे आला. तिच्या करमणुकीचें एक साधन घरांतल्या प्रत्येकाच्या खिशांत तयार होतें. मोबाईलच्या कांचेला हात लावल्यानें कांहीं सांडत नाहीं, भाजत नाहीं, कापत नाहीं. मूल गप्प बसतें आणि मोठ्यांचें काम होतें. परंतु त्या कांचेवर घोडा, चंद्र, आगगाडी आणि आंबा हे चारहि बोटाला सारखेच गुळगुळीत लागतात, ही गोष्ट आम्हांस पहिल्यापासून खटकत आली आहे. आंबा गुळगुळीत असतो हें कबूल, पण घोडा?

ह्यावर उपाय म्हणून बाजारांत एक खेळणें मिळतें. एका फळीवर कड्या, बोल्ट, चाकें, चेन, बिजागऱ्या आणि बटणें बसविलेलीं असतात, आणि मूल त्यांच्याशीं बराच वेळ खटपट करीत बसतें. इंग्रजी बोलणारे लोक त्याला 'बिझी बोर्ड' म्हणतात. हें नांव आम्हांस मुळींच आवडलें नाहीं. मूल म्हणजे जणूं एक उपद्व्यापी पाहुणा. त्याच्या हातांत कांहीं तरी देऊन गुंतवून ठेवलें कीं यजमान सुटला, असा त्यांतला ध्वनि आहे. वस्तुतः ह्या फळीची आजी थोर घराण्यांतली. मारिया मॉंटेसरीबाईंनीं १९०७ सालीं रोम शहरांतील सान लोरेन्झो ह्या गरीब वस्तींत आपलें पहिलें बालगृह उघडलें, आणि मुलांसाठीं जीं साधनें तयार केलीं त्यांत लांकडी चौकटी होत्या. एका चौकटीवरच्या कापडाला गुंड्या, दुसरीवरच्या कापडाला हूक, तिसरीला नाडी. मूल त्या चौकटीवर गुंडी लावावयास शिके आणि मग स्वतःच्या सदऱ्याची गुंडी स्वतः लावी. बाईंच्या दृष्टीनें तो वेळ घालविणें नव्हतें; तें काम होतें. बाई स्वतः १९३९ सालीं हिंदुस्थानांत आल्या आणि महायुद्धामुळें १९४६ पर्यंत येथेंच राहिल्या. परंतु त्यांच्या विचारांचें बीं त्यापूर्वींच आपल्याकडे रुजलें होतें. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनीं १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढें १९४५ पासून ताराबाईंनीं बोर्डीस, आणि नंतर कोसबाडच्या टेकडीवर, शिंपले, बिया, काड्या व गोटे यांतून खेड्यांतल्या व आदिवासी पाड्यांतल्या मुलांसाठीं शिक्षणाचीं साधनें उभीं केलीं. म्हणजे अशी फळी घरीं करणें हें कांहीं परदेशी फॅड नव्हे, असें आम्हीं स्वतःस समजावून सांगितलें. प्राध्यापकाला कोणतीहि गोष्ट करण्यापूर्वीं तिची पूर्वपीठिका लागते.

आधीं आम्ही तयार फळ्या पाहून आलों. त्यांतल्या एकीवर अवकाशयान होतें. चित्र सुरेख, परंतु यानाच्या यंत्रफलकावरचीं दहाहि बटणें नुसतीं छापलेलीं! दाबलें तर कांहीं होत नाहीं, फिरवूं म्हटलें तर फिरत नाहीं. दुकानदारानें मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, ह्यांत धोका मुळींच नाहीं. तें खरेंच होतें. चित्रांतल्या नागांतहि धोका नसतो. पण ज्या बटणानें कांहीं होत नाहीं, तें बटण मुलाला काय शिकवितें? आपल्या कृतीचा जगावर कांहीं परिणाम होत नाहीं, एवढेंच. तेथल्या तेथें आमच्या मनांत एक सूत्र तयार झालें: गोष्ट कल्पित असावी, बटण खरें असावें.

विज्ञानकथेचाहि नियम आमच्या मतें हाच आहे. जयंत नारळीकरांनीं १९७४ सालीं स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, 'नारायण विनायक जगताप' ह्या नांवानें मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेंत 'कृष्णविवर' ही कथा पाठविली आणि तिला पहिलें बक्षीस मिळालें, ही हकीकत मराठी वाचकांस ठाऊक आहे. त्या कथेंतलीं माणसें कल्पित. परंतु कृष्णविवराच्या जवळ काळ मंदावतो हें मात्र कल्पित नव्हे. आमच्या पिढीनें नारळीकरांचें वाचून आकाशाकडे पाहावयास प्रारंभ केला. २० मे २०२५ ला ते गेले, आणि त्यानंतर महिन्याभरांतच आमची नात गॅलरींत उभी राहून ढगांतून डोकावणाऱ्या चंद्राला बोलावूं लागली. तिच्या जन्माच्या वर्षीं, २३ ऑगस्ट २०२३ ला, चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशांत उतरलें होतें. तेव्हां फळी करावयाची ती यानाचीच करावयाची, आणि यान न्यावयाचें तें चंद्रावर, हें ठरून गेलें.

हा बेत ऐकतांच आमच्या सौभाग्यवतींनीं निवडत असलेली मेथी बाजूला ठेविली आणि विचारलें, "अहो, म्हणजे पोरीला बटणांशीं खेळायला शिकवणार तुम्ही?"

प्रश्न दिसावयास साधा. परंतु तो विचारणाऱ्या बाईच्या मागें पन्नास वर्षें उभीं होतीं. त्यांचा धाकटा भाऊ तीन वर्षांचा असतांना वाड्याच्या माजघरांत खेळत होता. त्या काळीं प्लगच्या भोंकांना आंतून झांकण नसे. मुलाच्या हातांत लोखंडी खिळा होता. तो त्यानें भोंकांत घातला. कोणा वडीलधाऱ्या माणसानें धांवत जाऊन मेन स्विच ओढला म्हणून पोर वांचलें; उजव्या हाताचीं दोन बोटें मात्र भाजून कायमचीं आंत वळलीं. त्या दुपारीं भावावर लक्ष ठेवण्याचें काम सहा वर्षांच्या बहिणीकडे होतें. ही हकीकत तीस वर्षांच्या संसारांत त्यांनीं आम्हांस दोनदांच सांगितली आहे, आणि दोन्ही वेळां ती अर्ध्यावर सोडून त्या कांहीं कामाला उठून गेल्या आहेत.

तेव्हां हा आक्षेप हंसण्यावारीं नेण्यासारखा नव्हता. शिवाय तर्काच्या दृष्टीनेंहि तो पक्का होता. मूल जें शिकतें तें एका वस्तूपुरतें शिकत नाहीं. त्याचा तें नियम करतें. फळीवरचें बटण दाबलें कीं दिवा लागतो हें ज्याला कळलें, त्याला भिंतीवरच्या बटणाचा अर्थ लावावयास कितीसा वेळ लागणार? आणि भिंतीवरच्या बटणाखालचीं तीन भोंकें हीं त्याच घराण्यांतलीं. आम्ही म्हणालों, "तिला हक्काचें बटण कोठेंच मिळालें नाहीं, तर ती भिंतीवरचेंच शोधील." त्यावर उत्तर आलें, "आणि मिळालं तर शोधणार नाही, हें कशावरून?" कशावरून, ह्याला तीस वर्षें इंग्रजी शिकविलेल्या माणसापाशीं कांहीं पुरावा नव्हता.

चार दिवस वाद चालला आणि पांचव्या दिवशीं तह झाला. तहाचें पहिलें कलम असें कीं, फळीला हात घालण्यापूर्वीं घर सुरक्षित करावयाचें. वायरमन बोलावून सर्व खालचे प्लग बदलून घेतले. आतांच्या चांगल्या प्लगला आंत पडदा असतो. तीन पिनांपैकीं वरची लांब पिन आधीं आंत जाते, ती पडदा उचलते, आणि मगच खालचीं दोन भोंकें उघडतात. नुसता खिळा घातला तर तो पडद्यावर अडतो. शिवाय मीटरच्या जवळ ३० मिलिअँपियरचा आर्.सी.सी.बी. बसविला. आंत जाणारा प्रवाह आणि परत येणारा प्रवाह यांत तेवढी जरी तफावत पडली, म्हणजे कोणाच्या तरी अंगांतून वीज जमिनींत जाऊं लागली, तरी तो डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत वीज तोडतो. ज्यांच्या घरांत लहान मूल आहे त्यांनीं खेळण्यांवर खर्च करण्यापूर्वीं हा खर्च करावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. वायरमन काम करीत असतां सौभाग्यवती सारा वेळ त्याच्याजवळ उभ्या होत्या, आणि शेवटीं त्यांनीं त्या यंत्रावरचें परीक्षेचें बटण स्वतः दाबून घर अंधारांत घालून पाहिलें.

दुसरें कलम हें ह्या साऱ्या प्रकरणांतलें सर्वांत शहाणपणाचें, आणि तें आमचें नव्हे. घरांत जी वस्तु धोक्याची आहे, तिच्यासारखी दिसणारी एकहि वस्तु फळीवर असतां कामा नये. बाजारांतल्या फळ्यांवर आम्हीं चक्क तीन भोंकांचा प्लग आणि त्यांत घालावयाची पिन पाहिली होती. गॅसच्या शेगडीला असते तशी फिरकी तर बहुतेक फळ्यांवर होती. मुलाला 'हें खोटें' आणि 'हें खरें' असें सांगून उपयोग नाहीं. त्याच्या बोटांना दोन्ही सारखींच. म्हणून आमच्या यानाला प्लग नाहीं, फिरकी नाहीं, आणि भिंतीवर असतात तसलीं चपटीं पांढरीं बटणें नाहींत. त्यांच्या जागीं वर-खालीं होणारे दांडीचे स्विच आले. तसले स्विच आमच्या घरांत दुसरीकडे कोठेंहि नाहींत.

मग सुरू झालें बाजाराचें पर्व, आणि हें सांगतांना आमची लेखणी जरा लांबेल. पुण्याच्या माणसाला तापकीर गल्ली आणि बोहरी आळी ठाऊक असतात. परंतु कामाशिवाय तेथें जाणें निराळें आणि काम घेऊन जाणें निराळें. तापकीर गल्लींत दांडीचे स्विच, तांबडे, पिवळे व हिरवे छोटे दिवे, १०० ओहमचे रोध आणि दोन सेलांचा डबा मिळाला. बोहरी आळींत पितळी बोल्ट, दाराची सांखळी आणि बिजागऱ्या. जुन्या बाजारांत रविवारीं सकाळीं एका पथाऱ्यावर काळ्या टेलिफोनची तबकडी सांपडली. तिच्या भोंकांत बोट घालून फिरविली कीं ती आपल्याच चालीनें कर्‌कर् करीत परत येते. विक्रेत्यानें विचारलें, "साहेब, फोन दुरुस्त करायचा का?" आम्हीं सांगितलें, "नाहीं, चंद्रावर लावायचा आहे." त्यानें दहा रुपये वाढवून सांगितले.

फळीसाठीं १२ मिलीमीटर जाडीचें प्लायवुड घेतलें, दोन फूट रुंद व अडीच फूट उंच. सुतार आमच्या ओळखीचा. त्यानें कोपरे गोल करून दिले, आणि मग कडा घासण्याचें काम आम्हीं स्वतःकडे घेतलें: आधीं ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०. शेवटीं सौभाग्यवतींनीं जुनें नायलॉनचें पातळ चारी कडांवरून फिरवून पाहिलें. जेथें धागा अडकला तेथें पुनः घासलें. ही परीक्षा कोणत्याहि पुस्तकांत आम्हांस आढळली नव्हती, आणि हिच्याहून कडक परीक्षा असेल असें वाटत नाहीं.

रंगाचा प्रश्न त्याहून नाजूक. मूल कडा चाटणार हें धरूनच चालावें लागतें. रंगांतलें शिसें मुलाच्या मेंदूला अपाय करतें, आणि तो अपाय दिसत नाहीं. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक असूं नये असा नियम आहे. तेव्हां माळ्यावरचा जुना डबा उघडून काम भागविण्याचा मोह टाळून नवा, पाण्यांत मिसळणारा रंग आणला. रंग दिल्यावर फळी पंधरा दिवस गॅलरींत वाळत ठेविली. नात रोज तिला लांबून 'टाटा' करी.

वीज किती घालावयाची? दोन साधे सेल, म्हणजे तीन व्होल्ट. भिंतींत २३० असतात. तीन व्होल्टांच्या दोन्ही टोंकांना कोरडें बोट लावलें तर कांहींहि जाणवत नाहीं. पण दिवा मात्र खराखुरा लागतो. सुरक्षितपणा म्हणजे वस्तु मारून टाकणें नव्हे, तर ती खरीच ठेवून तिचें बळ मुलाच्या मापाचें करणें, असें आम्ही म्हणतों तें ह्या अर्थानें. पृथ्वीसाठीं आम्हांस निळा दिवा हवा होता. परंतु निळ्या दिव्याला स्वतःलाच सुमारें तीन व्होल्ट लागतात. दोन सेलांवर तो मरगळलेला जळतो. तिसरा सेल घालावा कीं काय, ह्या विचारांत असतां सौभाग्यवती म्हणाल्या, "पृथ्वी हिरवी असली तर बिघडतं कुठें?" पावसाळ्यांत पुण्याहून दिसणारी पृथ्वी हिरवीच असते. हिरवा दिवा लावला.

सेल मोठे असोत. परंतु ते बटणाएवढे चपटे सेल मात्र लहान मुलाच्या घरांतून हद्दपार करावे. तसला सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेंत अडकला, तर तेथल्या ओलाव्यांतून प्रवाह सुरू होतो, दाहक अल्क तयार होतें, आणि दोन तासांच्या आंत नलिका आंतून भाजूं लागते. गाणारें एक अस्वल आमच्या नातीला भेट आलें होतें. त्याच्या पोटांत हे सेल निघाले, आणि झांकणाला स्क्रू नव्हता. अस्वल मुकें करून परत दिलें. आमच्या फळीवरचा सेलांचा डबा मागच्या बाजूस आहे, त्याचें झांकण दोन स्क्रूंनीं बंद आहे, आणि फळी भिंतीला टेकलेली असल्यामुळें तेथें नातीचा हात जातच नाहीं. लोहचुंबकांनाहि बंदी. दोन चुंबक गिळले गेले तर ते आंतड्याच्या दोन वेटोळ्यांतून एकमेकांस ओढतात आणि मधली भिंत भोंसकतात.

सुट्या होऊं शकणाऱ्या वस्तूंसाठीं खेळण्यांच्या मानकांत एक नळकांडें सांगितलेलें आहे, सुमारें ३२ मिलीमीटर रुंदीचें. जी वस्तु त्यांत संपूर्ण मावते ती तीन वर्षांखालील मुलाच्या घशांत अडकूं शकते. आम्हीं पुठ्ठ्याचें तसें नळकांडें करून फळीवरची प्रत्येक वस्तु हातानें ओढली, पिळली, आणि सुटली तर काय होईल तें पाहिलें. सायकलच्या घंटेनें येथें आपला गुण दाखविला. तिची टोपी फिरवीत राहिलें कीं वरची चकती निघते, आणि ती चकती नळकांड्यांत अगदीं ऐटींत बसते. सुतारानें ती रिबेट मारून कायमची बसविली. दाराच्या बिजागरीच्या बाजूची फट एक तर ५ मिलीमीटरहून कमी असावी, नाहीं तर १२ हून अधिक. मधल्या मापाची फट म्हणजे बोटाचा सांपळा. आरसा कांचेचा नव्हे, अॅक्रिलिकचा. दोरी वितीहून आंखूड, गळ्याभोंवतीं वळसा बसूं नये म्हणून. आणि सर्वांत महत्त्वाचें, फळी उभी करून ठेवावयाची नाहीं. भिंतींत गिट्ट्या ठोकून चार स्क्रूंनीं पक्की करावयाची. मूल फळीशीं खेळत नाहीं, तिच्यावर चढतें.

आतां यानाविषयीं. खऱ्या यानांतील बटणांचा इतिहास फार मनोरंजक आहे. अपोलो यानांतील स्विचांच्या मध्यें धातूच्या लहान कमानी बसविलेल्या असत, चुकून धक्का लागून कांहीं सुरू होऊं नये म्हणून. म्हणजे 'हात लावूं नकोस' हें वाक्य तेथेंहि होतेंच; तें धातूंत लिहिलेलें होतें. एवढें करूनहि २१ जुलै १९६९ ला चंद्रावरून निघण्यापूर्वीं आर्मस्ट्रॉंग व ऑल्ड्रिन यांना दिसून आलें कीं, वर नेणारें इंजिन सज्ज करणाऱ्या सर्किट-ब्रेकरचें टोंक मोडून पडलें आहे. त्या चिंचोळ्या जागेंत पाठीवर बोजे घेऊन वावरतांना त्याला धक्का लागला होता. ऑल्ड्रिननें जवळच्या फेल्ट-टिप पेनानें तें बटण आंत दाबलें, आणि ते दोघे परत आले. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ ला ज्या सोयुझ जातीच्या यानांतून गेले, त्या यानांत पट्ट्यांनीं आवळलेल्या अंतराळवीराचा हात बटणांपर्यंत पोंचत नाहीं. म्हणून तो एका काठीनें बटणें दाबतो. आमच्या यानालाहि एक काठी असावी असें आम्हीं सुचविलें. "डोळ्यांत जाईल," एवढ्या दोन शब्दांत तो ठराव फेटाळला गेला. कमानी मात्र मंजूर झाल्या. पडद्याच्या लांकडी कड्या अर्ध्या कापून स्विचांच्या दोन्ही बाजूंस बसविल्या. त्यामुळें तोल जाऊन मूल पुढें पडलें तरी दांडी तोंडाला लागत नाहीं.

फळीवर प्रवासाचा क्रम असा: सांखळी काढावयाची, बोल्ट सरकवावयाचा, दार उघडावयाचें, तीन दांड्या एकामागून एक वर करून तांबडा, पिवळा, हिरवा दिवा लावावयाचा, तबकडी फिरवून पृथ्वीशीं बोलावयाचें, आणि घंटा वाजवून निघावयाचें. दाराआड चंद्राचें चित्र. चेनच्या पिशवींत चंद्रावरचे दगड, म्हणजे कापडाचे गोळे.

हा क्रम नातीनें एक दिवस पाळला. दुसऱ्या दिवशीं दगड बाहेर आले आणि पिशवींत अर्धें बिस्किट गेलें, कारण चंद्रावर भूक लागते. उलटी गणती 'पांच, तीन, एक' अशी असते, हेंहि आम्हांस कळलें. बोल्ट सरकवावयास तिला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत ती किती वेळां चिडली, किती वेळां आमचा हात ओढून तिनें बोल्टावर ठेविला, आणि आम्हीं तो किती वेळां मागें घेतला, हें सांगत बसत नाहीं. दहाव्या दिवशीं बोल्ट सरकला, तेव्हां तिनें कोणाकडेहि पाहिलें नाहीं. तो पुनः लाविला, पुनः सरकविला. आमची तेथें गरज नव्हती.

आणि भिंतीवरचीं बटणें? तिसऱ्या आठवड्यांत एकदां ती खालच्या प्लगसमोर उकिडवी बसली. सौभाग्यवती स्वयंपाकघराच्या दारांत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहींत, पण त्यांच्या हातांतलें उलथनें हवेंत तसेंच राहिलें. नातीनें प्लगकडे बोट केलें, म्हणाली, "हें यान नाही," आणि उठून गेली. ह्यावरून सिद्धान्त काढावयास आम्ही तत्काळ तयार होतों. सौभाग्यवती नव्हत्या. "आज म्हणाली. उद्यां म्हणेलच असं नाही." उद्यां तिनें खरोखरच स्टुलावर चढून पंख्याचें बटण दाबलें. पडदे आहेत, आर्.सी.सी.बी. आहे, आणि आजीची नजर आहे; वादाचा निकाल अजून लागलेला नाहीं.

दिवाळींत आमचे मेहुणे आले. फळीची हकीकत त्यांना फोनवर कळली होती. ते आल्या आल्या चपला काढून थेट फळीपुढें मांडी घालून बसले, मागें हात घालतां येतो का तें पाहिलें, आणि विचारलें, "किती व्होल्ट?" आम्हीं सांगितलें. ते कांहीं बोलले नाहींत. नातीनें त्यांची बोटें पाहिली आणि विचारलें, "मामाआजोबा, बोट काय झालं?" घरांत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मेहुण्यांनीं तिला साध्या शब्दांत सांगितलें: लहान असतांना भिंतींतल्या विजेला हात लावला, बाऊ झाला. तिनें तीं दोन बोटें आपल्या मुठींत धरून वळवून पाहिलीं, जशी ती फळीवरची प्रत्येक वस्तु वळवून पाहते. मग त्यांना चंद्रावर नेण्याची तयारी सुरू झाली. सांखळी तिनें काढली. बोल्ट त्यांनीं सरकवावा असा हुकूम झाला. पितळी बोल्टाची मूठ बारीक. वळलेल्या बोटांना ती पकडतां येईना. दोनतीनदां ते निसटले. तेव्हां तिनें आपला हात त्यांच्या हातावर ठेविला आणि दोघांनीं मिळून बोल्ट ओढला. सौभाग्यवती चहा टाकावयास आंत गेल्या, आणि चहा व्हावयास त्या दिवशीं बराच वेळ लागला.

मेहुणे नाताळांत पुनः यावयाचे आहेत, असें ठरलें. येत्या बुधवारीं जुन्या बाजारांत जाऊन जरा मोठ्या मुठीचा बोल्ट मिळतो का, तें पाहावयाचें असें आम्हीं योजलें. नातीला विचारलें, चालेल का? तिनें थोडा विचार करून परवानगी दिली. मात्र जुना काढावयाचा नाहीं, नवा त्याच्याखालीं बसवावयाचा.